शोधनिबंधाची बांधणी आणि संदर्भांची शिस्त: एका छोट्या पुस्तकाच्या आधाराने

पदव्युत्तर वर्गात शोधनिबंधाचा विषय मिळाला की बहुतेक विद्यार्थी आधी पुस्तके गोळा करतात, त्यांतील मजकूर सोयीच्या क्रमाने उतरवत जातात आणि निबंध सादर करण्याच्या आदल्या रात्री संदर्भसूची तयार करायला बसतात. मग कोणते वाक्य कोणत्या पुस्तकातले होते हे आठवत नाही, पृष्ठांक सापडत नाहीत आणि सूचीत केवळ चाळलेली पुस्तकेही भरतीला येतात. याचे मूळ घाईपेक्षा क्रमात आहे. कोणते विधान कशाच्या आधारावर उभे आहे हे ठरवणे म्हणजे निबंधाची बांधणी, आणि तोच आधार वाचकाला तपासता यावा अशा रीतीने नोंदवणे म्हणजे संदर्भ. एक काम आधी आणि दुसरे नंतर करू म्हटले की दोन्ही बिघडतात.

ही रीत दाखवण्यासाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरतो. ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे पुस्तक १८८२ साली पुण्यात छापले गेले. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला बालहत्येच्या आरोपावरून १८८१ मध्ये फाशीची शिक्षा झाली आणि अपिलात ती कमी झाली. या खटल्यावर वृत्तपत्रांतून जे लिहिले गेले, त्याच्या संतापातून हे पुस्तक निघाले. पुढे ते बराच काळ विस्मृतीत गेले आणि १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले. मराठी, इतिहास आणि समाजशास्त्र या तिन्ही विभागांत त्यावर निबंध लिहिले जातात, शिवाय मराठी साधनांचा संदर्भ देताना येणाऱ्या बहुतेक अडचणी या एकाच विषयात भेटतात.

विषयाकडून प्रश्नाकडे, प्रश्नाकडून प्रतिपादनाकडे

‘एकोणिसाव्या शतकातील स्त्रीसुधारणा’ हा तीन हजार शब्दांच्या निबंधाचा विषय होऊ शकत नाही. तो पाच खंडांचा प्रकल्प आहे. ‘ताराबाई शिंदे यांचे विचार’ हाही विषय तसा ढोबळच आहे, कारण त्यातून कोणताही प्रश्न उभा राहत नाही. प्रश्न असा हवा की ज्याची किमान दोन उत्तरे संभवतात आणि त्यांतले एक निवडण्यासाठी पुरावा द्यावा लागतो. उदाहरणार्थ, हे पुस्तक मुख्यतः विधवाविवाहाचा कैवार घेते, की स्त्रियांचे दोष सांगणाऱ्या पुरुषांच्या लेखनाचाच अधिकार नाकारते?

या प्रश्नाचे एका वाक्यातले उत्तर म्हणजे निबंधाचे प्रतिपादन. ते असे लिहिता येईल: ‘विजयालक्ष्मीच्या खटल्याचे निमित्त झाले असले, तरी या पुस्तकाचा रोख विधवाविवाहबंदीपुरता न राहता, तत्कालीन नाटके, कादंबऱ्या आणि वृत्तपत्रे यांतून स्त्रीचे जे चित्र रंगवले जात होते त्याकडे वळतो.’ हे वाक्य कोणाला अमान्य होऊ शकते, आणि तेच त्याचे बळ आहे. ज्या प्रतिपादनाशी कोणीही असहमत होणार नाही (‘ताराबाईंनी स्त्रियांच्या दुःखाला वाचा फोडली’) ते सभेत शोभते, निबंधात त्याचा उपयोग नाही.

प्रतिपादनाचे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे आणि वाचन पुढे जाईल तसे ते बदलू द्यावे. शेवटी हाती आलेले वाक्य सुरुवातीच्या वाक्यासारखेच राहिले असेल, तर वाचनातून फारसे काही हाती लागले नाही असा संशय घ्यायला हरकत नाही.

भागांची मांडणी

प्रस्तावनेने तीन कामे करावीत: प्रश्न सांगावा, त्यावर आधी कोणी काय म्हटले आहे ते थोडक्यात सांगावे, आणि आपले प्रतिपादन मांडावे. तीन हजार शब्दांच्या निबंधात यासाठी तीनशे शब्द पुरतात. ‘वेदकाळापासून भारतीय समाजात स्त्रीला मानाचे स्थान होते’ अशा वाक्याने सुरू होणारे निबंध परीक्षकाने शेकड्यांनी वाचलेले असतात, आणि त्या वाक्याला आधार द्यायचा झाला तर त्यासाठीच वेगळा प्रबंध लिहावा लागेल.

दुसरा मोह चरित्राचा. ताराबाईंच्या आयुष्याविषयी उपलब्ध माहिती तुटपुंजी आहे. त्या बुलढाण्याच्या, आणि त्यांच्या घराण्याचा सत्यशोधक चळवळीशी संबंध होता, हे सांगितले की निबंधापुरते काम भागते. तरीही विद्यार्थी दोन पाने चरित्राला देतात, कारण चरित्र लिहिताना विचार करावा लागत नाही. चरित्रातला तपशील प्रतिपादनाला उपयोगी पडत असेल तेवढाच, आणि जिथे उपयोगी पडतो तिथेच घ्यावा. सत्यशोधक पार्श्वभूमीचा उल्लेख ब्राह्मण सुधारकांवरील टीकेच्या परिच्छेदात आला तर तो पुरावा ठरतो. सुरुवातीलाच आला तर ती नुसती ओळख राहते.

मधल्या भागातला प्रत्येक परिच्छेद एक विधान मांडतो, त्याला आधार देतो आणि त्या आधारातून ते विधान कसे निघते हे उलगडून सांगतो. मराठी निबंधांत सर्वांत अधिक गळते ती ही तिसरी गोष्ट. आठ ओळींचे अवतरण दिले जाते आणि ‘यावरून लेखिकेची तळमळ दिसून येते’ एवढ्यावर परिच्छेद संपतो. अवतरण स्वतः काही सिद्ध करत नाही. त्यातील कोणता शब्द, कोणती उपरोधाची लकब किंवा कोणाला उद्देशून केलेला प्रश्न आपल्या विधानाला पुष्टी देतो, हे लेखकानेच दाखवायचे असते. अवतरण आठ ओळींचे असेल तर त्यावरचे विवेचन त्याहून लांब असावे. तेवढे सांगण्यासारखे नसेल तर अवतरणच दोन ओळींवर आणावे.

विरुद्ध मताला एक परिच्छेद राखून ठेवावा. या पुस्तकात विधवांच्या हालअपेष्टांना मोठी जागा आहे, त्यामुळे ‘हे मुळात विधवाविवाहाचेच पुस्तक आहे’ असे कोणी म्हटले तर ते निराधार ठरणार नाही. त्या मताचा सर्वांत भक्कम पुरावा आपणच पुढे ठेवावा आणि मग तो पुरेसा का नाही ते सांगावे. त्याच वर्षी पंडिता रमाबाईंचे ‘स्त्रीधर्मनीति’ प्रसिद्ध झाले. दोन्ही पुस्तकांचा वाचक कोण आहे, ती कोणाला उद्देशून बोलतात, एवढी मर्यादित तुलनाही इथे मोठे काम करून जाते. समारोपात नवा पुरावा आणू नये. प्रतिपादन मान्य केले तर पुढे कोणता प्रश्न उभा राहतो एवढे सांगून थांबावे.

बांधणी नीट झाली आहे की नाही, हे तपासण्याची एक सोपी रीत आहे. प्रत्येक परिच्छेदाचे फक्त पहिले वाक्य वेगळ्या कागदावर उतरवून ती वाक्ये सलग वाचावीत. युक्तिवाद समजला तर बांधणी ठीक आहे. ‘तसेच’, ‘याशिवाय’ आणि ‘त्याचप्रमाणे’ यांनीच सर्व परिच्छेद सुरू होत असतील, तर हाती युक्तिवाद नसून यादी आहे असे समजावे आणि परिच्छेदांचा क्रम पुन्हा लावावा.

टिपणे काढताना

संदर्भांतले बहुतेक दोष लिहिताना नव्हे, टिपणे काढताना शिरतात. वहीत एखादे वाक्य अवतरणचिन्हांशिवाय उतरवले जाते, महिन्याभराने ते आपलेच वाटू लागते आणि तसेच निबंधात जाते. ही चोरी अजाणता झाली, तरी वाचकाच्या दृष्टीने ती चोरीच असते. यावर उपाय म्हणून टिपणात तीन खुणा ठरवून घ्याव्यात: शब्दशः उतरवलेला मजकूर अवतरणचिन्हांत, आपल्या शब्दांत घेतलेला सारांश साधा, आणि स्वतःचा विचार चौकटी कंसात. प्रत्येक टिपणापुढे पृष्ठांक त्याच क्षणी लिहावा. पुस्तक ग्रंथालयाला परत करण्यापूर्वी त्याचे शीर्षकपृष्ठ आणि त्यामागचे, आवृत्ती व प्रकाशनाची माहिती असलेले पान यांचे मोबाइलवर छायाचित्र घेऊन ठेवावे. जुन्या मराठी पुस्तकांत हे पान पुष्कळदा फाटलेले किंवा शिक्क्यांनी झाकलेले असते; मग ग्रंथालयाच्या सूचीतील नोंद वापरावी आणि तसे तळटीपेत नमूद करावे.

कशाला संदर्भ द्यावा, कशाला नको

त्या क्षेत्रातील सर्वांना ठाऊक असलेल्या, वादातीत गोष्टीला संदर्भाची गरज नसते. ‘दर्पण’ १८३२ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी सुरू केले, हे तळटीपेशिवाय लिहिता येते. ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ चे आहे, हेही. पण पहिल्या आवृत्तीच्या पाचशे प्रती छापल्या आणि किंमत नऊ आणे होती, असे लिहिले की वाचक ‘हे कुठून कळले?’ असे विचारणारच. तिथे संदर्भ हवा. आकडे, मते, अर्थनिर्णय आणि दुसऱ्याने शोधून काढलेला दुवा यांना नेहमी संदर्भ द्यावा. शंका आली तर द्यावाच. जास्तीच्या तळटीपेने गुण जात नाहीत.

आपल्या शब्दांत सांगितले की संदर्भ नको, हा समज चुकीचा आहे. शिवाय ‘आपल्या शब्दांत’ म्हणजे काय, हेही नीट समजून घ्यावे लागते. समजा, एखाद्या अभ्यासकाने लिहिले आहे: ‘या पुस्तकातील उपरोध हा शैलीचा अलंकार नसून, युक्तिवादाचे मुख्य साधन आहे.’ हे वाचून ‘या ग्रंथातील उपहास हा भाषेचा दागिना नसून, प्रतिपादनाचे प्रमुख हत्यार आहे’ असे लिहिणे म्हणजे शब्दकोश उघडून केलेली नक्कल होय. वाक्याचा सांगाडा, विचाराचा क्रम आणि विरोधाची जोडी जशीच्या तशी राहिली आहे. पुस्तक मिटून ‘ताराबाई जिथे उपहास करतात तिथेच त्यांचा तर्क पुढे सरकतो, असे अमुक अभ्यासकांचे निरीक्षण आहे’ असे लिहिले आणि पृष्ठांक दिला, म्हणजे तो खरा सारांश झाला. वाक्य मुळातच नेमके असेल तर बदलण्याची खटपट न करता ते अवतरणचिन्हांत घ्यावे.

अवतरण घेताना मूळ लेखन बदलू नये. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ चे. त्यापूर्वीच्या मजकुरात ‘केलें’, ‘त्यांत’, ‘नाहीं’ असे अनुस्वार असतात आणि ते तसेच ठेवायचे असतात. एकोणिसाव्या शतकातील मुद्रणात तर विरामचिन्हेही आजच्यासारखी नसतात. आधुनिक संपादकाने लेखन सुधारून घेतलेले असेल, तर आपण कोणत्या आवृत्तीतून घेतले हे सांगणे आणखी आवश्यक ठरते. मधला मजकूर गाळला तर तीन टिंबे, स्वतःचा शब्द घातला तर चौकटी कंस आणि एखादा भाग ठळक केला तर ‘ठळक ठसा माझा’ ही नोंद, एवढे कटाक्षाने पाळावे.

मराठी साधने आणि परक्या शैली

आपल्या विद्यापीठांत सध्या दोन पद्धती दिसतात. सामाजिक शास्त्रांत लेखक आणि वर्ष मजकुरातच कंसात देतात. ही एपीएची, म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची रीत, जिची सातवी आवृत्ती २०१९ मध्ये आली. इतिहासात तळटिपांना पसंती आहे आणि ती बहुधा शिकागो शैलीच्या जवळ जाते. भाषा-साहित्याच्या विभागांत एमएलए, म्हणजे मॉडर्न लँग्वेज असोसिएशनची शैलीही चालते. तिची नववी आवृत्ती २०२१ ची आहे. विभागाने सांगितलेली शैली घ्यावी आणि शेवटपर्यंत तीच पाळावी. मात्र यांतली एकही शैली मराठी ग्रंथव्यवहार डोळ्यांसमोर ठेवून बनलेली नाही, त्यामुळे काही निर्णय स्वतः घेऊन पहिल्याच तळटीपेत जाहीर करावे लागतात.

पहिली अडचण वर्षाची. जोतीराव फुले १८९० मध्ये वारले. त्यांचे लेखन आपण समग्र वाङ्मयात वाचतो आणि ‘(फुले १९६९)’ असे लिहितो, तेव्हा वाचकाला विचित्र वाटणे स्वाभाविक आहे. ‘गुलामगिरी’ १८७३ ची आहे, म्हणून ‘(फुले १८७३/१९६९)’ अशी दोन्ही वर्षे द्यावीत. सूचीत नोंद अशी होईल: फुले, जोतीराव, महात्मा फुले समग्र वाङ्मय, संपा. धनंजय कीर व स. गं. मालशे, मुंबई: महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ, १९६९. याच ग्रंथाची पुढे य. दि. फडके यांनी सुधारित आवृत्ती सिद्ध केली. दोन आवृत्त्यांचे पृष्ठांक जुळतील असे गृहीत धरू नये. ताराबाईंवरील टीकेला फुल्यांनी १८८५ च्या ‘सत्सार’ या नियतकालिकात जे उत्तर दिले, ते आपल्या निबंधात येणारच. तेव्हा हाताशी कोणती आवृत्ती आहे, हे आधीच पाहून ठेवावे.

दुसरी अडचण शकाची. जुन्या पुस्तकावर नुसते ‘शके १८०३’ छापलेले असते. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या काळासाठी ७९ मिळवावे लागतात. म्हणजे शके १८०३ हे १८८१ आणि १८८२ या दोन्ही वर्षांत पसरते. महिना माहीत नसेल तर उगाच एक साल निवडू नये. छापलेला शक तसाच द्यावा आणि पुढे चौकटी कंसात ‘इ. स. १८८१-८२’ असे लिहावे.

नावांचेही तसेच. सूचीत आडनाव आधी येते, पण ज्ञानेश्वर आणि तुकाराम यांना आडनावाने कोणी शोधत नाही. ती नोंद नावानेच करावी. कुसुमाग्रजांची कविता ‘कुसुमाग्रज’ या नावाखाली जाते आणि त्यांचे शिरवाडकर या नावाने आलेले लेखन त्या नावाखाली. दोन्ही ठिकाणी परस्परनिर्देश द्यावा. आद्याक्षरांच्या बाबतीत ‘वि. का. राजवाडे’ हे रूप इतके रूढ आहे की पूर्ण नाव लिहिल्याने वाचकाला मदत होतेच असे नाही. एकच रूप निवडून शेवटपर्यंत पाळावे, एवढे पुरे.

काही साधनांना पृष्ठांकापेक्षा नेमका पत्ता असतो. ज्ञानेश्वरीचा निर्देश अध्याय आणि ओवी यांनी करतात. ओव्यांचे क्रमांक प्रतींनुसार थोडे मागेपुढे होतात, म्हणून प्रत सांगावी. तुकारामांच्या गाथेत तर अभंगाचा क्रमांक आवृत्तीगणिक वेगळा. तिथे आवृत्ती, क्रमांक आणि अभंगाचा पहिला चरण ही तिन्ही द्यावीत. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या ग्रंथमालेचा निर्देश खंड आणि लेखांक यांनी होतो. वृत्तपत्राला अंकाची पूर्ण तारीख हवी. ‘केसरी, १८८२’ हा संदर्भ नव्हे, कारण त्या एका वर्षात साप्ताहिकाचे पन्नासएक अंक निघाले असतील. पृष्ठ आणि जमल्यास रकानाही द्यावा.

ताराबाईंच्या निबंधात सर्वांत मोठा सापळा इथेच आहे. त्यांनी ज्या वृत्तपत्रीय लेखनाला उत्तर दिले, त्यात ‘पुणेवैभव’चे नाव येते. तो अंक आपण डोळ्यांनी पाहिला नसेल आणि त्यातील मजकूर आधुनिक संपादकाच्या प्रस्तावनेतून घेतला असेल, तर तळटीपेत तसेच लिहावे: आधी अंकाचा निर्देश, मग ‘उद्धृत’, आणि पुढे त्या प्रस्तावनेचा पूर्ण संदर्भ पृष्ठांकासह. मधला दुवा गाळून थेट अंकाचा संदर्भ देणे अनेकांना निरुपद्रवी वाटते. परंतु संपादकाकडून तारीख उतरवताना चूक झाली असेल, तर ती चूक आता आपल्या नावावर जमा होते. एकाची चूक दहा प्रबंधांत कशी फिरते, हे शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, एकाच विषयाचे दोन-तीन प्रबंध शेजारी ठेवून पाहिले की लक्षात येते.

भाषांतराचा वापर केला तर भाषांतरकाराचे नाव द्यावे. या पुस्तकाचे रोझालिंड ओ’हॅनलन यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले; त्यांच्या प्रस्तावनेतील मत आणि ताराबाईंचे वाक्य या दोन वेगळ्या नोंदी आहेत. मराठी मूळ उपलब्ध असताना इंग्रजी भाषांतराचे पुन्हा मराठीत भाषांतर करून ते ताराबाईंचे शब्द म्हणून छापणे हा तर अक्षम्य प्रकार आहे, आणि तो घडतो.

तळटिपांत तोच ग्रंथ लगेच पुन्हा आला तर ‘तत्रैव’ आणि मध्ये दुसरा संदर्भ येऊन गेला असेल तर ‘उनि’, म्हणजे उपरिनिर्दिष्ट, लिहिण्याची रीत आहे. संगणकावर परिच्छेद हलवताना हे ‘तत्रैव’ भलत्याच ग्रंथाखाली जाऊन बसतात. म्हणून मसुद्यात लेखक आणि लघुशीर्षक लिहावे आणि ‘तत्रैव’ अगदी शेवटच्या फेरीत घालावे. संदर्भ सांभाळणारी झोटेरोसारखी संगणकप्रणाली उपयोगी आहे, पण ती मराठी नोंदीत इंग्रजी संक्षेप घालते का, ते पाहून हाताने दुरुस्त करावे लागते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाने सुचवलेला संदर्भ तर ग्रंथ हातात घेतल्याशिवाय वापरूच नये. लेखक खरा, प्रकाशक खरा आणि पुस्तक मात्र अस्तित्वातच नाही, अशा नोंदी ती साधने सहज तयार करतात.

साम्याची टक्केवारी

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार प्रबंधातील मजकुराच्या इतरांच्या लेखनाशी असलेल्या १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्के साम्य आढळल्यास प्रबंध सहा महिन्यांपर्यंतच्या ठरावीक मुदतीत सुधारून द्यावा लागतो, ४० ते ६० टक्क्यांना वर्षभर सुधारित प्रबंध सादर करता येत नाही आणि त्यापुढे नोंदणी रद्द होते. योग्य श्रेय देऊन घेतलेली अवतरणे आणि संदर्भसूची या मोजणीतून वगळली जातात. मात्र हा आकडा शब्दांच्या साम्याचा आहे. कल्पना उचलली आणि शब्द बदलले तर यंत्राला कळणार नाही, त्या विषयातल्या परीक्षकाला कळेल. उलट, सत्यशोधक समाजाच्या स्थापनेसारखी सर्वज्ञात वाक्ये जुळली म्हणून घाबरून भाषा वेडीवाकडी करण्याचेही कारण नाही.

शेवटची फेरी

सादर करण्यापूर्वी प्रत्येक तळटीप सूचीत आहे आणि सूचीतील प्रत्येक नोंद मजकुरात कुठेतरी आली आहे, हे दोन्ही बाजूंनी ताडून पाहावे. सूचीचा वर्णक्रम संगणकाने लावला असेल तर त्यावर नजर टाकावी: मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, त्यामुळे ‘काळे’ हे नाव ‘कावळे’ आणि ‘काशीकर’ यांच्यानंतर जायला हवे, पण संगणक पुष्कळदा त्याला ‘ल’च्या शेजारी नेऊन बसवतो. त्यानंतर कोणत्याही पाच तळटिपा निवडून, मूळ पुस्तके पुन्हा उघडून ती पाने पाहावीत. एक जरी पृष्ठांक चुकलेला निघाला, तरी उरलेल्या सर्व तळटिपा तपासायला बसावे.